उजवीकडून येणारा आधी

भारतातलं लायसन्स जर्मनीत सहा महिने चालतं. तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने. पुढे ते कार्ड पाकिटात असलं तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्हाला गाडी येत नाही. जपान, दक्षिण कोरिया अशा काही देशांची लायसन्सं परीक्षा न देता बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा चुकत नाहीत. सवलत एवढीच की नवशिक्यांसारखे ठरावीक तास भरण्याची सक्ती नसते. तयारी झाली की नाही ते आपलं आपण ठरवायचं. पण परीक्षेची गाडी ड्रायव्हिंग स्कूलची असते, शेजारी तिथला शिक्षक बसतो, आणि पुण्याहून आलेल्या माणसाला स्वतः चार गल्ल्या फिरवून पाहिल्याशिवाय कोणताही शिक्षक परीक्षेला नेत नाही. त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

मी पुण्यात बरीच वर्षं गाडी चालवली. कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता, पाऊस, गणपतीची गर्दी, सगळं. क्लच, गिअर, रिव्हर्स पार्किंग याची चिंता नव्हती. श्टुटगार्टमध्ये शिकावं लागलं ते एकच, चौक ओलांडणं.

कागदपत्रांवर फार शब्द घालवत नाही. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांची तपासणी, लायसन्सचं अधिकृत भाषांतर, फोटो, अर्ज, आणि एक दिवसाचा प्रथमोपचाराचा वर्ग. हा वर्ग टाळायला मिळाला तरी टाळू नका. बाहुलीच्या छातीवर दाब देताना किती ताकद लागते ते तिथे पहिल्यांदा कळतं.

लेखी परीक्षा संगणकावर असते. इंग्रजीतून देता येते, हिंदी किंवा मराठीतून नाही. ३० प्रश्न. प्रश्नांचा साठा हजाराच्या वर आहे आणि ॲपवर त्याचा सराव करता येतो. गुण मिळवायचे नसतात, चुकांचे गुण जमू द्यायचे नसतात. प्रश्नाच्या महत्त्वानुसार दोनपासून पाचपर्यंत. एकूण १० पर्यंत माफ. पण त्यात एक खाच आहे. पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज १० असूनही तुम्ही नापास. आणि चौकात आधी कोणी जायचं याचे प्रश्न पाच गुणांचे असतात. म्हणजे बाकी सगळं चोख, पण दोन चौक चुकले, तर घरी. ब्रेक लागायला किती अंतर लागतं याची सूत्रं मी पाठ केली, टायरच्या नक्षीची खोली पाठ केली, पण संध्याकाळचा बहुतेक वेळ चौकांच्या चित्रांपुढे गेला. एका गल्लीतून निळी गाडी, दुसरीतून सायकल, मध्येच ट्राम, आणि तुम्हाला डावीकडे वळायचंय. आता कोण थांबेल?

अशा चित्राकडे पाहायची एक उतरंड आहे आणि ती डोक्यात बसली की निम्मं काम होतं. चौकात पोलीस उभा असेल तर फक्त तो. त्याची छाती किंवा पाठ तुमच्याकडे असेल तर थांबा, तो कडेने दिसत असेल तर जा. पोलीस नसेल तर सिग्नल. सिग्नल बंद असेल तर पाट्या. रात्री इथले बरेच सिग्नल बंद करतात. दिवसभर ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही त्या सिग्नलच्या खांबावरच्या पाट्या तेव्हा कामाला लागतात. आणि पाटीही नसेल तर शेवटचा नियम, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. जर्मन लोक त्याला ‘रेष्ट्स फोर लिंक्स’ म्हणतात आणि शाळकरी मुलांनाही तो येतो.

पाट्या मोजक्याच आहेत. पिवळा चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला, म्हणजे तुमचा रस्ता मोठा, बाकीचे थांबतील. टोक खाली केलेला लाल काठाचा त्रिकोण म्हणजे तुम्ही वाट द्या. अष्टकोनी लाल पाटी म्हणजे पूर्ण थांबा. या दोन पाट्यांचे आकार बाकी कोणत्याही पाटीला दिलेले नाहीत. त्यामुळे त्या बर्फाने झाकल्या तरी ओळखू येतात आणि, याहून उपयोगी म्हणजे, पाठीमागूनही ओळखू येतात. आपण चौकाजवळ येताना समोरच्या गल्लीतल्या पाटीची करडी पाठ दिसते. ती त्रिकोणी किंवा अष्टकोनी असेल तर त्या बाजूच्या गाडीला थांबायचंय हे कळतं. हे मला कोणत्याही ॲपने नाही, मास्तरांनी सांगितलं. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे शिक्षक. मी त्यांना मनातल्या मनात मास्तरच म्हणत असे. साठीच्या आसपासचे, अस्सल श्वाबियन बोलीत बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांचं निम्मं बोलणं मी अंदाजाने समजून घेतलं.

आता उजवीकडच्याचा नियम. मला वाटलं होतं की हा आपल्यासाठी अगदी नवा असणार. तसं नाही. भारतात १९८९ मध्ये रस्त्यावर गाडी चालवण्याचे जे नियम केंद्राने केले, त्यात हेच लिहिलं होतं. मुख्य रस्त्यावर शिरत असाल तर त्यावरच्या गाड्यांना वाट द्या, एरवी चौकात उजव्या हाताकडून येणाऱ्या सगळ्यांना वाट द्या. २०१७ मध्ये त्या जागी नवे नियम आले. पुण्यात लर्निंग लायसन्सच्या वेळी हा प्रश्न मला आला होता की नाही हेही आठवत नाही. आला असेल तर मी बरोबर उत्तर देऊन विसरून गेले असणार.

पण नियम एकच असला तरी रस्त्याची बाजू बदलली की तोच नियम निराळा वागतो. हे मला कागदावर चित्र काढल्याशिवाय कळलं नाही. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात. चौकात शिरताना उजवीकडून येणारी गाडी आपल्या अगदी पुढ्यातल्या पट्ट्यातून जाते. म्हणजे ज्याला वाट द्यायची तोच आधी आडवा येतो. त्याच्यासाठी थांबणं साहजिक आहे, नाही थांबलो तर धडकच. जर्मनीत गाड्या उजवीकडून चालतात. तिथे उजवीकडून येणारी गाडी पलीकडच्या पट्ट्यातून येते. जवळच्या पट्ट्यात असते ती डावीकडची, आणि थांबायचं असतं तिने. म्हणजे दूरच्या गाडीसाठी तुम्ही थांबायचं, आणि तुमच्या दाराला लागून येणारी गाडी तुमच्यासाठी थांबेल यावर विश्वास ठेवायचा. पुण्यात वाढलेल्या पायाला हा विश्वास ठेवणं जड जातं. डावीकडे काही हललं की पाय आपोआप ब्रेकवर.

श्टुटगार्टच्या पश्चिम भागात हा नियम पावलोपावली लागतो. जुन्या उंच इमारती, अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेचा भाग. अशा भागांत चौकाचौकांत पाट्या लावायच्या नाहीत, उजवीकडच्याचा नियमच चालू द्यायचा, असा कायद्याचा दंडक आहे. हेतू उघड आहे. कोणालाच सलग अग्रक्रम नसेल तर कोणीच वेगात जाणार नाही. पार्क केलेल्या गाड्यांमुळे उजवीकडची गल्ली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, आणि चढ-उतारांच्या त्या शहरात ती गल्ली कधी कधी सरळ डोंगरावरून उतरत असते. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. एरवी त्याची आठवण येत नाही, पण अशा एखाद्या गल्लीत समोरून कचऱ्याची गाडी आली की गिरगावात असल्यासारखं वाटतं.

मास्तरांची पद्धत ठरलेली. चौक दिसला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, दुसरा गिअर, पाय ब्रेकच्या वर धरून ठेवायचा, उजवीकडे मान वळवून पाहायचं. नुसती नजर फिरवून चालत नाही, मान वळलेली परीक्षकाला दिसली पाहिजे. रिकामं असेल तर मात्र लगेच निघायचं. मी निघत नसे. उजवीकडे कोणी नाही, डावीकडे एक गाडी येऊन थांबतेय, थांबलीसुद्धा, आणि मी तिच्याकडे बघत उभी. ती निघत नाही, मी निघत नाही. मास्तर शांतपणे विचारायचे, “तुम्ही कोणाची वाट बघताय?”

आपण ज्याला सौजन्य समजतो ते त्यांच्या लेखी अडथळा आहे. तुमचा हक्क असताना तुम्ही विनाकारण थांबलात तर मागचा गोंधळतो, डावीकडचा गोंधळतो, आणि परीक्षेच्या कागदावर त्याचीही नोंद होते. वारंवार झालं तर नापास होण्याइतकी. दुसरीकडे, हक्क आहे म्हणून तो बजावण्यासाठी समोरच्याच्या अंगावर गाडी घालणंही चालत नाही. कायद्याने वाट सोडण्याचं कर्तव्य एकाला दिलंय. दुसऱ्याला धडकण्याचा परवाना दिलेला नाही. या दोन टोकांच्या मधलं जे वागणं आहे, तिथे माझे सगळे तास गेले.

याच संदर्भात मास्तरांनी सांगितलेली ‘अर्ध्या हक्काची’ गोष्ट मला या सगळ्यातली सर्वांत शहाणपणाची वाटते. पाटी नसलेल्या चौकात डावीकडच्याने तुमच्यासाठी थांबायचं, हे खरं. पण तुम्हालाही उजवीकडच्यासाठी थांबायच्या तयारीत यायचंय. म्हणजे तुमचा वेग उतरलेलाच असतो. त्यामुळे डावीकडचा चुकून घुसला तरी तुम्ही थांबू शकता. तुमच्या उजवीकडच्याच्या बाबतीतही हेच, त्याच्या उजवीकडे आणखी कोणीतरी आहेच. म्हणजे प्रत्येकाचा हक्क अर्धा, पण वेग सगळ्यांचाच उतरलेला. कोर्टातही, हा नियम असलेल्या चौकात भरधाव शिरलेल्याला ‘माझा अग्रक्रम होता’ एवढं म्हणून पूर्ण सुटता येईलच असं नाही.

सायकलवाल्यांचं निराळं काही नाही आणि तेच लक्षात ठेवावं लागतं. उजवीकडून सायकल आली तरी तिचा हक्क ट्रकइतकाच. ट्रामचंही तेच. आपल्याला वाटतं एवढं मोठं धूड, तिलाच आधी सोडायचं असणार. पण पाटी नसलेल्या चौकात डावीकडून येणाऱ्या ट्रामनेही थांबायचं असतं. सरावाच्या प्रश्नांमध्ये हे चित्र हमखास येतं आणि हमखास चुकवतं. पायी चालणाऱ्यांचा नियम वेगळा. तुम्ही वळत असाल, तर ज्या रस्त्यात वळताय तो ओलांडणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं, झेब्राचे पट्टे असोत वा नसोत.

उजवीकडून येणारी प्रत्येक वाट मात्र रस्ता मानत नाहीत. फुटपाथची कड उतरती केलेली असेल आणि त्यावरून गाडी येत असेल तर तिने सगळ्यांसाठी थांबायचं. घराच्या आवारातून, पेट्रोल पंपावरून निघणाऱ्यानेही तसंच. मुलं रस्त्यावर खेळू शकतात असे निळ्या पाटीचे भाग असतात, तिथून बाहेर पडणाऱ्यालाही हक्क नाही. शेतातून किंवा जंगलातून येणारी वाट असेल तर तीही गौण. शहराबाहेरच्या सरावात यावरून आमचा थोडा वाद झाला. डांबर घातलेली चांगली रुंद वाट होती. मी थांबले. मास्तर म्हणाले, ती शेताची वाट आहे. मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, “ती कुठे जाते ते बघा.” ती सफरचंदांच्या बागेत जात होती. गावाकडची असून हे मला सुचलं नाही, याचा थोडा राग आला.

पिवळ्या चौकोनाचा रस्ता सरळ जाईल असंही नाही. काही ठिकाणी मोठा रस्ता चौकातच वळतो. चौकोनाखाली छोटी पांढरी पाटी असते, तिच्यावर जाड रेघ वळलेली आणि बारीक रेघा सरळ. जाड रेघेबरोबर वळलात तर हक्क तुमचा, पण इंडिकेटर द्यायचा. सरळ गेलात तर तुम्ही मोठा रस्ता सोडताय, इंडिकेटर द्यायचा नाही, आणि आता उजवीकडे कोण आहे ते बघायचं. आयुष्यभर ‘वळलं की इंडिकेटर’ एवढंच माहीत असलेल्याला इथे रस्त्यापेक्षा पाटी जास्त वाचावी लागते.

अष्टकोनी पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, पांढऱ्या रेघेशी. तीन सेकंद थांबायचं असं सगळे सांगतात, कायद्यात सेकंद लिहिलेले नाहीत. पण परीक्षेत गाडी हळूहळू सरकत गेली तर तिथेच संपलं. माझी कॅलिफोर्नियातली मावसबहीण म्हणते की त्यांच्याकडे चारही बाजूंना अशा पाट्या असतात आणि जो आधी आला तो आधी जातो. जर्मन माणसाला हे सांगून पाहा. ‘आधी आला’ हे कोणी ठरवायचं, असा त्याचा पहिला प्रश्न असेल.

गोल चौकात मला आपलं डोकं लढवल्याचं समाधान मिळालं. जर्मनीत गोलाच्या प्रत्येक तोंडाशी वाट देण्याचा त्रिकोण लावलेला असतो. का, ते त्या आधीच्या चित्रावरून कळलं. उजवीकडून चालणाऱ्या देशात गोलातली गाडी तुमच्या डावीकडून येते. पाटी नसती तर उजवीकडच्याच्या नियमाने शिरणाऱ्यालाच हक्क मिळाला असता, गोल भरत गेला असता आणि कोणी बाहेरच पडू शकलं नसतं. आपल्याकडे गोलातली गाडी उजवीकडूनच येते. म्हणजे आपला साधा नियम पाळला तरी गोल आपोआप वाहता राहील. ब्रिटनने १९६६ मध्ये गोलातल्या गाडीला अग्रक्रम दिला आणि मगच तिथले गोल खऱ्या अर्थाने चालू लागले. पुण्यात आपण गोल बांधतो, मग त्यात सिग्नल लावतो, मग सिग्नलजवळ पोलीस उभा करतो. उतरंड पुरी होते.

डिपरबद्दल सावध राहा. आपल्याकडे समोरच्याने दिवे चमकवले की अर्थ, ‘मी येतोय, थांब.’ तिकडे बहुतेक वेळा उलट, ‘जा तुम्ही, मी थांबतो.’ पहिल्यांदा हे झालं तेव्हा दोघेही थांबलो. कायद्याने दिव्यांचा तो उपयोग धोक्याची सूचना देण्यापुरता, फार तर शहराबाहेर ओव्हरटेक करतोय हे कळवण्यापुरता आहे, त्यामुळे समोरच्याने दिवे चमकवले म्हणून मी निघाले, हे स्पष्टीकरण अपघातानंतर उपयोगी पडत नाही. मास्तरांचा सल्ला असा की दिव्यांवर जाऊ नका, त्याची गाडी खरंच थांबली का ते बघा आणि मग हात करा.

आपल्या ‘फ्री लेफ्ट’चा भाऊही तिथे भेटतो. लाल सिग्नलच्या शेजारी काळ्या पत्र्यावर हिरवा बाण रंगवलेला असेल, तर लाल असतानाही उजवीकडे वळता येतं. आधी पूर्ण थांबायचं, सगळ्यांना जाऊ द्यायचं, मग. ही पूर्व जर्मनीची देणगी, एकीकरणानंतर सगळ्या देशाने ठेवून घेतली. बाण नसेल तर लाल म्हणजे लाल. रात्री दोन वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी.

मला सर्वांत आवडलेला प्रश्न मात्र नियमाच्या बाहेरचा आहे. पाटी नसलेला चौक, चारही बाजूंनी एकाच वेळी चार गाड्या. प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी आहे, म्हणजे प्रत्येकाने थांबायचं. मग? पुस्तकात उत्तर आहे की कोणीतरी एकाने आपला हक्क सोडायचा आणि खुणेने दुसऱ्याला तसं कळवायचं. इतक्या बारकाईने नियम लिहिणाऱ्या लोकांनी शेवटी नजरानजर आणि हातवारे यांवर भार टाकलाय. प्रत्यक्षात असे चारजण एकदाच भेटले, आणि पंगतीत पाहुण्यांचं ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ चालतं तसं झालं. शेवटी पावाच्या दुकानाची व्हॅन निघाली.

प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची. परीक्षक मागच्या सीटवर, मास्तर शेजारी. त्यांच्या पायांशीही ब्रेक असतो, पण त्यांनी तो दाबला तर परीक्षा तिथेच थांबते. परीक्षकाने मला त्याच गल्ल्यांतून फिरवलं, एका बंद सिग्नलच्या चौकातून नेलं, महामार्गावर नेलं आणि शेवटी गाडी मागे घेऊन लावायला सांगितली. एका चौकात उजवीकडून एक आजोबा सायकलवर चढ चढत येत होते, अतिशय हळू. त्यांना यायला खूप वेळ लागला. मी थांबले. परीक्षकाने मागे काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण कार्ड हातात मिळालं.

बाबा उन्हाळ्यात आले तेव्हा शेजारी बसून त्यांनी दोन दिवस नुसतं निरीक्षण केलं. मग म्हणाले, “हे सगळं ठीक आहे, पण तू म्हणतेस तसं आपल्याकडे काहीच नाही असं नको म्हणूस. वरंधा घाटात बघ.” ते खरं आहे. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची हा नियम आपल्याकडेही लिहिलेला आहे, आणि घाटात एसटीचे ड्रायव्हर तो पाळतात. पाटी नाही, पोलीस नाही. वळणावर उतरणारा कडेला घेतो, चढणारा हात करतो आणि जातो. सपाटीला आलं की दोघंही तो विसरतात, हा भाग निराळा.

आता मला चौकांची भीती वाटत नाही. उलट सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मौज येते. तिथेही उजवीकडचा आधी, असं अनेक जर्मन लोक धरून चालतात. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की पार्किंगमधल्या वाटा रस्त्यासारख्या स्पष्ट आखलेल्या नसतील तर तिथे हा नियम लागू नाही. दोघांनी एकमेकांचा अंदाज घेऊन, समजुतीने पुढे जायचं. शनिवारी सकाळी तिथे भलेभले चालक एकमेकांकडे बघत थिजलेले असतात. मी काच खाली करते, हात करते आणि निघते.